'झपूर्झा'तली पोर

'झपूर्झा' हा शब्द केशवसुतांनी मुलींकडून घेतला. झिम्मा-पिंग्यात 'जा पोरी जा' भराभर म्हटलं की 'झपूर्झा' ऐकू येतं, असा खुलासा त्यांनीच केलाय. कविता १८९३ ची. सुखदुःख दोन्ही मावळलेली अवस्था, आणि इतरांना काहीच दिसत नाही तिथे लोक ज्याला वेडा म्हणतात त्याला दिसणारा अर्थ. तंद्रीची एवढी जोरदार वकिली मराठीत दुसरीकडे मला तरी सापडलेली नाही.

केशवसुतांचं मालगुंड आमच्या गणपतीपुळ्याला लागूनच. त्यामुळे ही कविता आमच्यावर लवकरच येऊन आदळते. ज्या बाईंनी ती डोळे मिटून म्हणून दाखवली, त्याच बाई मी खिडकीबाहेर पाहिलं की टेबलावर डस्टर आपटायच्या.

सव्विसाव्या वर्षी, पुण्यात नोकरी करताना, मला इनअटेंटिव्ह प्रकारचा एडीएचडी असल्याचं निदान झालं. यात मूल उड्या मारत नाही. ते शांत बसलेलं असतं, पण समोरच्याचं अर्धं वाक्य निसटतं, वस्तू हरवतात, हातातलं काम अर्ध्यावर राहतं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या 'डीएसएम' या निदानपुस्तिकेत अतिचंचलतेशिवायचा हा प्रकार १९८० सालीच नोंदला गेला होता. तरी एडीएचडी म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो कपाटावर चढणारा मुलगाच. त्याच्यासाठी आपल्याकडे शब्दही आहेत: वांड, द्वाड, मस्तीखोर. हे शब्द उच्चारताना आई अर्धवट हसत असते. मुलीसाठीचे शब्द वेगळे: वेंधळी, धांदरट, बावळट, घुमी. ते उच्चारताना कुणी हसत नाही, कारण ते थेट स्वभावावर शिक्का मारतात. आम्ही घरातल्या खोल्या पर्यटकांना द्यायचो. गरम पाण्याची बादली नेऊन दे म्हणून सांगितलं, तर मी अंगणात मुंग्यांची रांग पाहत उभी. 'चित्त कुठे असतं गो तुझं?' आजी विचारायची. पाहुणे दोन दिवसांत गेले. 'सासरी कसं व्हायचं हिचं' हे वाक्य मात्र मुक्कामाला राहिलं.

म्हणून आता 'झपूर्झा' वाचताना मी एका जागी अडते. केशवसुत म्हणतात, न नांगरलेली जमीन पुष्कळ आहे, तिथला सनदी शेतकरी हजारांत एखादाच; पण तिथून रानफुलांची माळ आणायला कुणालाच मनाई नाही. वरवर हे उदार आहे. पण माळ आणावी लागतेच! रिकाम्या हाताने परतणाऱ्याचं काय, याबद्दल कविता गप्प आहे. २००७ च्या 'तारे जमीन पर'चंही तेच. ईशानची अडचण डिस्लेक्सियाची, पण खिडकीबाहेर रमणारं मन ओळखीचं. मला तो सिनेमा आवडतो, दर वेळी रडवतो. तरी ईशानला माफी मिळते ती चित्रकलेच्या स्पर्धेत पहिला आल्यावर. आणि मुळात तो लक्षात येतो, कारण तो मारामारी करतो, शाळेला दांडी मारतो. त्याच वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर, कंपासपेटी तिसऱ्यांदा हरवून गप्प बसलेली एखादी मुलगी असती, तर कॅमेरा तिच्याकडे वळला असता का? आमच्या धंद्यात सगळ्यात वाईट बग तोच, जो क्रॅश होत नाही. लॉगमध्ये एररच नाही, मग बघणार कोण?

(केशवसुतांनाच एडीएचडी होता, असल्या गप्पा मला पटत नाहीत. मेलेल्या कवीचं निदान करण्यापेक्षा जिवंत पोरींचं करावं.)

अशा मुली निभावून नेतात, हीच मोठी अडचण. मैत्रिणीच्या वह्या, तळहातावर लिहिलेल्या याद्या, परीक्षेच्या आदल्या रात्रीचं जागरण. मी असंच इंजिनिअरिंग पूर्ण केलं. मार्क पडत गेले, त्यामुळे त्रास हा त्रास ठरलाच नाही, आळस ठरला.

निदानासाठी लक्षणं लहानपणापासून होती हे दिसावं लागतं. आधी ही मर्यादा सात वर्षांची होती, २०१३ च्या आवृत्तीत ती बारा झाली. डॉक्टरांनी जुनी प्रगतिपुस्तकं मागवली. आईने ती ट्रंकेतून काढून फोटो पाठवले. दुसरीपासून सहावीपर्यंत, वेगवेगळ्या अक्षरांत, शेरा एकच: 'हुशार आहे, पण लक्ष नसते.' डॉक्टरांनी पाचही फोटो फाइलला जोडले. आईने फोनवर विचारलं, "हे सगळ्यांना दिसत होतं, मग कुणी काही बोललं का नाही गो?"