श्वेत अमेरिकन आणि त्यांची पूर्वजभूमी : ‘ऐच्छिक वांशिकते’च्या सिद्धान्ताची चिकित्सा

युरोपातून अमेरिकेत येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांची तिसरी-चौथी पिढी स्वतःला आयरिश, इटालियन वा पोलिश का म्हणवते, हा समाजशास्त्रातील एक जुना वादविषय आहे. दुसरी पिढी मायदेशाच्या खुणा पुसू पाहते व तिसरी त्यांचा पुन्हा शोध घेऊ लागते, असा विचार मार्कस ली हॅन्सन यांनी १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानात मांडला. हर्बर्ट गॅन्स यांनी १९७९ साली त्याहून निराळे प्रतिपादन केले. भाषा, वस्ती व संस्था यांचा आधार सुटल्यावर उरते ती केवळ प्रतीकात्मक वांशिकता. ती सणवार, खाद्यपदार्थ व पूर्वजभूमीची एखादी यात्रा यांतून व्यक्त होते, असे त्यांचे मत होते. मेरी वॉटर्स यांच्या ‘एथ्निक ऑप्शन्स’ या १९९० सालच्या ग्रंथाने या मतास प्रत्यक्ष मुलाखतींचा पाया दिला. हा ग्रंथ आज या विषयाच्या अभ्यासात प्रमाण मानला जातो. म्हणूनच त्यातील ‘पर्याय’ या मध्यवर्ती कल्पनेची चिकित्सा करणे अगत्याचे आहे.

ग्रंथाचे गुण प्रथम नमूद केले पाहिजेत. १९८० च्या जनगणनेत पूर्वजमूळाविषयी विचारलेल्या प्रश्नाची आकडेवारी आणि सॅन होजे व फिलाडेल्फिया या शहरांच्या उपनगरांतील ६० कॅथलिक व्यक्तींच्या मुलाखती ही त्याची साधने होत. चार देशांतील पूर्वज असलेली व्यक्ती त्यांपैकी एकदोनच देशांचे नाव घेते. कोणते घ्यावे हे आडनाव, घरात ऐकलेल्या गोष्टी आणि त्या मूळास समाजात असलेली लोकप्रियता यांवरून ठरते. आणि तरीही ती व्यक्ती असे मानते की, हे मूळ निवडलेले नसून रक्तातूनच आलेले आहे. आचरणात निवड आणि श्रद्धेत आनुवंशिकता, ही विसंगती वॉटर्स यांनी ज्या स्पष्टतेने दाखविली आहे, ती या ग्रंथाची खरी कमाई होय. अशा वांशिकतेची किंमत मोजावी लागत नाही. शेजार, नोकरी वा विवाह यांवर तिचा फारसा परिणाम होत नाही, हेही त्यांनी पटवून दिले आहे.

तथापि या प्रतिपादनात काही उणिवा राहिल्या आहेत. पहिली उणीव नमुन्याची. केवळ कॅथलिकांची निवड केल्याने तुलना सोपी होते खरी, परंतु इंग्रज व स्कॉटिश मूळाचे प्रॉटेस्टंट मुलाखतींच्या कक्षेबाहेर राहतात. २००० च्या जनगणनेत सुमारे २ कोटी लोकांनी आपले मूळ केवळ ‘अमेरिकन’ असे नोंदविले. कोणताही पर्याय न स्वीकारणाऱ्या या समूहाचा उलगडा वांशिक आवडीनिवडीच्या विवेचनातून होत नाही.

दुसरी उणीव अधिक मूलगामी आहे. निवड व्यक्ती करते हे मान्य केले, तरी पर्यायांची यादी कोण तयार करतो? १९८० च्या गणनापत्रकात उदाहरणादाखल दिलेल्या मूळांत ‘इंग्लिश’ हे नाव होते; त्या वेळी ४ कोटी ९६ लाख लोकांनी इंग्रज व ४ कोटी ९२ लाख लोकांनी जर्मन मूळ सांगितले. १९९० च्या पत्रकातील उदाहरणांतून ‘इंग्लिश’ गळले व ‘जर्मन’ अग्रस्थानी आले. तेव्हा इंग्रज ३ कोटी २७ लाखांवर उतरले, तर जर्मन ५ कोटी ८० लाखांवर चढले. दहा वर्षांत सुमारे १ कोटी ७० लाख लोकांचे पूर्वज बदलणे शक्य नाही. २०२० मध्ये श्वेतवर्णीयांस आपले मूळ निराळ्या प्रश्नाखाली लिहिण्यास सांगण्यात आले. उदाहरणांत ‘इंग्लिश’ पुन्हा आले आणि ४ कोटी ६६ लाखांसह ते पहिल्या क्रमांकावर गेले. १९९० नंतरचे हे आकडे वॉटर्स यांच्यासमोर असणे शक्य नव्हते. परंतु आज त्यांचा ग्रंथ वाचणाऱ्याने ते दृष्टीआड करता कामा नयेत.

तिसरी उणीव इतिहासाची. आज विनामूल्य असलेल्या वांशिकता पूर्वी विनामूल्य नव्हत्या. १८९१ साली न्यू ऑर्लिन्स येथे जमावाने ११ इटालियनांचा बळी घेतला. पहिल्या महायुद्धातील जर्मनविरोधी लाटेनंतर, १९१९ साली, नेब्रास्का राज्याने आठवी इयत्ता पूर्ण न झालेल्या मुलांस परकी भाषा शिकविण्यास बंदी केली. ती सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली रद्द ठरविली. १९२४ च्या कायद्याने दक्षिण व पूर्व युरोपातून येणाऱ्यांवर कठोर मर्यादा घातल्या. हे समूह अवमानित असले तरी नागरिकत्वाच्या कायद्यात मात्र श्वेतच गणले जात. याच १९२३ साली पंजाबात जन्मलेल्या भगतसिंग थिंद यांना, सामान्य जनांच्या समजुतीप्रमाणे ते श्वेत नाहीत या कारणास्तव, त्याच न्यायालयाने नागरिकत्वास अपात्र ठरविले. कुंपणाच्या आत अवहेलना कालांतराने ओसरू शकली. कुंपणाबाहेरच्यास प्रवेशच नव्हता.

आपली वांशिकता निरुपद्रवी आहे म्हणून इतरांचीही तशीच असेल, असे श्वेत व्यक्तीस वाटू लागते आणि कृष्णवर्णीयांचे गाऱ्हाणे तिला उमगेनासे होते, हा वॉटर्स यांचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष होय. परंतु तो ग्रंथाच्या अखेरीस येतो. वास्तविक विवेचनाचा आरंभच तेथून व्हावयास हवा होता. वंशावळीचे साधे उदाहरण घ्यावे. आयरिश स्थलांतरिताच्या पणतूस जहाजाच्या उतारू-यादीत आपल्या पूर्वजाचे नाव शोधता येते. गुलामांच्या वंशजाचा शोध मात्र बहुधा १८७० च्या जनगणनेपाशी अडखळतो. कारण १८५० व १८६० च्या गुलामगणनेत मालकाच्या नावाखाली वय, लिंग व वर्ण यांची नोंद होई, गुलामाचे नाव सहसा लिहिलेच जात नसे. ज्याच्या पूर्वजाचे नावच नोंदले गेले नाही, त्याने कोणता पर्याय निवडावा?

‘ऐच्छिक वांशिकते’चा सिद्धान्त यामुळे असत्य ठरत नाही, तो अपुरा ठरतो. पूर्वजभूमीचा अभिमान बाळगणाऱ्या श्वेत अमेरिकनाची भावना खोटी नसते. परंतु ती भावना निवडण्याची मोकळीक त्यास स्वभावाने दिलेली नसून कायद्याने, दप्तराने आणि गणनापत्रकाने दिलेली आहे. यापुढील संशोधकाने कोणी काय निवडले एवढेच न विचारता, निवडीची मुभा कोणाला, केव्हा व कोणाकडून मिळाली, हेही विचारले पाहिजे.