गदेपलीकडचे पैलवान

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळने महाराष्ट्र केसरीची गदा उचलली आणि गादी विभागाच्या निकालावरून रण पेटलं. आमच्या बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतली सातारा-सांगलीकडची मंडळी पाळी सुटल्यावर त्याच एका कुस्तीवर भांडत होती. ५७, ६५, ७४ किलोत कोण जिंकलं? कुणालाच सांगता येईना. त्यांना तरी काय दोष द्यायचा, बातम्याच तशा.

‘महाराष्ट्राचे सर्वश्रेष्ठ मल्ल’ म्हणून निघणाऱ्या याद्यांतही हाच रोग आहे. खंचनाळे, बिराजदार वंदनीयच. १९६२ला जकार्ताहून सुवर्ण आणणारे आंदळकर आणि मारुती माने यांच्याबद्दलही वाद नाही. पण त्यांच्यानंतर याद्या केसरीच्या फलकावरून उतरवलेल्या असतात. अलीकडच्या खुल्या गटातल्या बऱ्याचशा कुस्त्या म्हणजे रेटारेटी: समोरच्याला रिंगणाबाहेर ढकला, एक गुण घ्या आणि घड्याळाकडे बघत उभे राहा.

कुस्ती बघायची तर राहुल आवारेची बघा. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा हा गडी बिराजदारमामांच्या आणि पुढे काका पवारांच्या तालमीत घडला. २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत, ५७ किलोच्या अंतिम फेरीत त्याने कॅनडाच्या ताकाहाशीला १५-७ असं हरवलं. हा गुणफलक नीट वाचा. आघाडी घेऊन तो थांबला नाही. पट काढायचा, खाली घेतलं की भारंदाज लावायचा, गुण गेले तर पुन्हा आत शिरायचं. पुढच्याच वर्षी नूर-सुलतानला ६१ किलोत त्याने जागतिक कांस्य मिळवलं. एवढं करूनही तो आपल्या याद्यांत तळाला, कारण त्याच्या खांद्यावर केसरीची गदा नाही.

म्हणे हलक्या वजनात ताकद लागत नाही! मग खाशाबा कोण होते? १९५२ला हेलसिंकीत ते बँटमवेटमध्ये लढले. त्या गटाची मर्यादा ५७ किलोच होती. जपानच्या इशीशी दमछाक करणारी लढत संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभं केलं. हक्काच्या विश्रांतीसाठी भांडायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. तरीही कांस्य आलं.

आणि ज्यांना केसरीच हवी, त्यांनी नरसिंग यादवकडे पाहावं. २०११ ते २०१३ सलग तीन गदा जिंकणारा हा मल्ल आंतरराष्ट्रीय मॅटवर ७४ किलोचा. २०१५च्या जागतिक स्पर्धेत गुणांत मागे असताना त्याने प्रतिस्पर्ध्याला चितपट करून कांस्य घेतलं. २०१६च्या उत्तेजक प्रकरणातली चार वर्षांची बंदी त्याच्या नावापुढे राहीलच, म्हणून मी त्याला तिसरा ठेवतो. खाशाबा पहिले, आवारे दुसरा. आंदळकर-माने त्यांच्यानंतर, आणि हे मी पूर्ण विचारांती लिहितो आहे.

कुस्तीच्या कारभाऱ्यांना एकच सांगणं आहे. ५७, ६५ आणि ७४ किलोच्या अंतिम लढती शेवटच्या संध्याकाळी, भरल्या मैदानात, केसरीच्या आधी लावा. आणि विजेत्याला त्याच मंचावर बोलावून मानाची गदा द्या.