सांगतंय कोण? मराठी कथेची एक जुनी अडचण

दिवाळी अंकांचा गठ्ठा वाचून संपला की दरवर्षी एक तक्रार मनात उरते, आणि ती विषयांबद्दलची नसते. विषयांची आज मराठीत चंगळ आहे. कर्जात बुडालेला शेतकरी आहे, आयटी पार्कातली रात्रपाळी आहे, वृद्धाश्रम आहे, परदेशी स्थायिक झालेली मुलं आहेत, धरणात गेलेली जमीन आहे. ज्या घरांतून पन्नास-साठ वर्षांपूर्वी कोणी लिहीत नव्हतं, तिथून आज कसदार लेखक येताहेत. तरीही पाच-सहा पानांनंतर कथा हातातून निसटते. संवाद खोटे वाटतात, बोली उपरी वाटते, मध्येच निबंध सुरू होतो, शेवट गुंडाळलेला असतो. या चार तक्रारी वेगवेगळ्या आहेत असं मला वाटत नाही. गोष्ट कोण सांगतंय, त्याला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही, हे लिहायला बसण्याआधी ठरलेलं नसलं की या चारही अडचणी एकदमच उभ्या राहतात.

कारागिरीबद्दल बोलणं आपल्याकडे फारसं प्रतिष्ठेचं मानत नाहीत. त्यालाही इतिहास आहे. ना. सी. फडक्यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहून कथा-कादंबरीचं तंत्र शिकता येतं, असं ठामपणे मांडलं. चटकदार आरंभ, गुंतागुंत, वाढती उत्कंठा असा तो हिशेब होता. फडक्यांना तो मानवला, त्यांच्या अनुकरणकर्त्यांच्या हातात त्याचा साचा झाला. चाळीसच्या दशकात गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी तो साचा मोडला. पुढे साठोत्तरी पिढी आली आणि भालचंद्र नेमाड्यांनी तर लघुकथा या प्रकारालाच कमी लेखलं. या धामधुमीत एक गैरसमज पक्का झाला की तंत्र म्हणजे फडके, आणि अनुभव सच्चा असला की बाकीचं आपोआप जमतं. प्रत्यक्षात फडक्यांविरुद्ध उभे राहिलेले हे लेखक कारागिरीत त्यांच्यापेक्षा काकणभर जास्तच काटेकोर होते.

१९५५ साली आलेली 'बनगरवाडी' पाहा. धनगरांच्या वस्तीची गोष्ट सांगायला माडगूळकरांनी वस्तीतला धनगर घेतला नाही आणि सगळं जाणणारा लेखकही घेतला नाही. त्यांनी बाहेरून आलेला, कोवळ्या वयाचा शाळामास्तर घेतला. या एका निर्णयाने किती अडचणी सुटल्या बघा. वाडीची माहिती वेगळी पुरवावी लागली नाही, कारण ती मास्तरालाच नाही. त्याला माणसं जसजशी भेटतात तसतशी वाचकाला भेटतात. सांगणारा शिकलेला, बोलणारी माणसं माणदेशी, त्यामुळे दोन भाषा शेजारी नांदतात आणि त्यांचा सांधा डाचत नाही. मास्तर वयाने लहान, म्हणून उपदेश करायचा त्याला अधिकार नाही. तो गैरसमजात सापडतो तेव्हा वाचकही त्याच्याबरोबर सापडतो. दुष्काळात वाडी उठते, तेव्हा त्याच्या हातात काहीही नसतं, आणि कादंबरीही त्याहून जास्त काही असल्याचा आव आणत नाही. शेवट वेगळा रचावा लागलेला नाही. सांगणाऱ्याची निवड झाली तेव्हाच तो ठरून गेला होता.

हे काही माडगूळकरांनी पहिल्यांदा केलं असं नाही. १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः येऊ लागलेल्या 'पण लक्षात कोण घेतो?' मध्ये हरिभाऊ आपट्यांनी यमूची कहाणी यमूलाच सांगू दिली. त्या काळी सुधारणेवर व्याख्यान देण्याचा मोह केवढा मोठा असेल! यमूच्या आवाजामुळे तो मोह पुष्कळ ठिकाणी आवरला गेला. जिथे आवरला गेला नाही, नेमकी तीच पानं आज जुनी वाटतात.

उलट उदाहरण आपल्या सर्वांत लाडक्या कादंबऱ्यांतलं आहे. वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ मधली. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली बाजू सांगतात. रचना धाडसी आहे, विषय मोठा आहे, वाचकांच्या पिढ्या तिच्यावर वाढल्या आहेत. पण तिघांनाही उपमांची सारखीच हौस आहे आणि तिघेही सुभाषितवजा वाक्यावर सारख्याच डौलाने येऊन थांबतात. हे बोलणं शेवटी खांडेकरांचं आहे. 'मृत्युंजय'मध्येही (१९६७) कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, श्रीकृष्ण असे अनेक निवेदक येतात, पण भारदस्तपणाची पट्टी एकच राहते. या दोन्ही पुस्तकांची थोरवी कथावस्तूच्या ताकदीत आहे. आवाजांच्या वेगळेपणाचा धडा मात्र त्यांच्याकडून घेऊ नये. आजचे अनेक कादंबरीकार नेमका तोच घेतात. प्रकरणागणिक वरचं नाव बदलतं, खालचं बोलणं तेच राहतं. यावर कसोटी सोपी आहे. प्रकरणावरचं नाव झाकावं आणि मधलं एखादं पान दुसऱ्याला वाचायला द्यावं. कोण बोलतंय हे त्याला ओळखता आलं नाही, तर इतके निवेदक घेण्याचं कारण उरत नाही.

आता संवाद. दिवाळी अंकातल्या कथेत हमखास भेटतं असं एक वाक्य मी इथे रचून दाखवतो. बायको नवऱ्याला म्हणते: "अहो, आपल्या मंदारला अमेरिकेला जाऊन सात वर्षं झाली, आणि तुमच्या बायपासला तर दोनच महिने झालेत, तरी त्याला यावंसं वाटलं नाही!" आपलं ऑपरेशन झाल्याचं नवऱ्याला बायकोकडून कळतंय, असा हा मामला आहे. ती बोलतेय नवऱ्याशी, माहिती चाललीय वाचकाकडे. आता तेच असं लिहून पाहू:

"गोळी घेतलीत?"

"घेतली."

"मंदारचा फोन येईल आज."

"आज रविवार आहे होय?"

अमेरिका गेली, सात वर्षं गेली, बायपास गेली. ती पुढे कुठेतरी येतील, किंवा त्यांची गरजही पडणार नाही. पण मुलगा फक्त रविवारी फोन करतो हे कळलं. बाप दिवस मोजतो की मोजत नसल्याचं दाखवतो, हा संशयही उभा राहिला. बायकोने लागोपाठच्या दोन वाक्यांत दुखणं आणि मुलगा एकत्र आणले आणि नवऱ्याने मुलाबद्दल चकार शब्द काढला नाही. माणसं आपल्या माणसांशी बोलताना माहिती देत नाहीत, ती टाळतात. शंकर पाटलांच्या कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारख्या आहेत. त्यांची माणसं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सरळ क्वचितच देतात, आणि त्या वळशातच कथा पुढे सरकते.

बोलीचा प्रश्न आज सर्वांत नाजूक आहे, कारण आजची सकस कथा मोठ्या प्रमाणात शहराबाहेरून येते आहे. आसाराम लोमटे, किरण गुरव, प्रवीण बांदेकर, कृष्णात खोत या सर्वांना गेल्या दशकभरात साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ही त्याची ठळक खूण. मराठीत या प्रश्नाची दोन चोख उत्तरं फार आधी सापडलेली आहेत. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मध्ये (१९६०) निवेदन प्रमाण भाषेच्या जवळचं आहे आणि कौतिक, महादेव ही माणसं वऱ्हाडीत बोलतात. निवेदन अंतर राखतं, म्हणून कौतिकचं बोलणं अधिक झोंबतं. भाऊ पाध्यांनी 'वासूनाका'मध्ये (१९६५) उलटं केलं. नाक्यावरच्या पोक्यालाच निवेदक केलं आणि अख्खं सांगणं त्या पोरांच्या भाषेत आणलं. त्यावर गदारोळ झाला, पण पाध्ये मध्येच सभ्य होऊन खुलासा करायला आले नाहीत.

बिघडतं ते या दोन्हींच्या मध्ये. निवेदक पुस्तकी मराठीत सांगत असतो आणि एकाएकी गावरान रंग यावा म्हणून 'व्हतं', 'न्हाई' पेरतो. दोन ओळींनंतर 'भावविश्व' आणि 'अस्तित्व' हे शब्द येतात. उच्चार बदलून लिहिले म्हणजे बोली आली, असं होत नाही. बोली वाक्याच्या ठेवणीत असते. माणूस आधी काय सांगतो, काय गाळतो, शिवी कुठे देतो आणि म्हण कुठे टाकतो, त्यावर तिचा कस ठरतो. ही ठेवण जमली असेल तर प्रत्येक 'ण'चा 'न' करण्याचा अट्टहास सोडला तरी काही बिघडत नाही.

मध्येच सुरू होणाऱ्या निबंधाचंही तसंच आहे. लेखकाला जागतिकीकरण, जात, बाजारपेठ, धर्माचं राजकारण यांवर काही म्हणायचं असतं, आणि ते म्हणायलाच हवं. अडचण एवढीच की तो ते एखाद्या पात्राच्या डोक्यात कोंबतो. मिलिंद बोकिलांची 'शाळा' २००४ मधली. काळ आणीबाणीचा. सांगणारा मुकुंद नववीत आहे. आणीबाणीबद्दल त्याला जेवढं मोठ्यांच्या बोलण्यातून कानावर पडतं, तेवढंच वाचकाला मिळतं. त्याचं खरं लक्ष वर्गातल्या शिरोडकर या मुलीकडे आहे. त्यामुळेच त्या काळाचा दाब आपल्याला जाणवतो. त्यावर दोन पानं लिहून बोकिलांना इतका परिणाम साधला नसता.

मग कथेत विचार येऊच नयेत का? श्याम मनोहर याचं खणखणीत उत्तर आहेत. 'उत्सुकतेने मी झोपलो'मध्ये विचार लपवलेला नाही, उघड मांडलेला आहे. तरी त्याचा निबंध होत नाही, कारण त्या माणसांच्या आयुष्यात विचार करणं हीच घडणारी घटना आहे. ती अडखळतात, हास्यास्पद होतात, घरच्यांशी त्यांचं बिनसतं. ज्या विचाराची पात्राला काहीच किंमत मोजावी लागत नाही, तो विचार लेखकाचा असतो. तो लेखात लिहावा.

शेवटांच्या बाबतीत आपण एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेलो. पूर्वी कलाटणीचा सोस होता. आता गोष्ट अर्ध्यात सोडायची, नायिकेला खिडकीबाहेर बघायला लावायचं आणि उरलेलं वाचकावर ढकलायचं, ही रीत पडली आहे. दोन्हींच्या मागे एकच अनिश्चितता असते. ही गोष्ट सांगणाऱ्याने आताच का सांगायला घेतली, हे लेखकाला ठाऊक नसतं. ते ठाऊक असलं की आकृतीबाबतही मोकळीक मिळते. 'कोसला'मध्ये (१९६३) नेमाडे एका अख्ख्या वर्षाचा ऐवज डायरीच्या तुटक नोंदींत उरकतात आणि बहीण मनीच्या मृत्यूपाशी मात्र बराच काळ थांबतात. कुठे पळायचं आणि कुठे थांबायचं, हे तिथे निवेदक पांडुरंग सांगवीकर ठरवतो. जयंत पवारांनी तर गिरणगावाच्या गोष्टी सांगताना सांगण्याचाच पेच उघडपणे कथेत आणला. त्यांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या संग्रहानंतर कोणाही नव्या लेखकाला हा प्रश्न आपल्या गावी नसल्याचं सोंग घेता येऊ नये.

मग एवढे दाखले घरात असताना तीच दुखणी पुन्हापुन्हा का उद्भवतात? माझ्या मते त्याचं मोठं कारण लेखकाबाहेरचं आहे. 'सत्यकथा' ही मासिक पत्रिका १९८२ साली बंद पडली. तिच्याविषयी भाबडं होण्याचं कारण नाही. तिची अभिरुची अरुंद होती, लघुनियतकालिकांनी तिच्याविरुद्ध बंड केलं आणि तिच्या अंकाची होळीही केली. पण श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा वाचून लेखकाला सविस्तर पत्र लिहीत. काय जमलं नाही आणि का, ते सांगत. कथा परत जाई, बदलून येई. आज बहुतेक ठिकाणी संपादक कथा मिळाल्याची पोच देतो, मुद्रितशोधक ऱ्हस्व-दीर्घ सुधारतो आणि कथा छापली जाते. मधला वाचक नाहीसा झाला आहे. कार्यशाळा वाढल्या, ही चांगली गोष्ट आहे. पण दोन दिवसांच्या शिबिरात प्रेरणा मिळते, मसुद्यावरचं काम तिथे होत नाही. पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर परीक्षणं येतात, त्यांतही बहुधा आशयाचा गोषवारा आणि शुभेच्छाच असतात. दोष दाखवायला तेव्हा उशीर झालेला असतो, आणि दाखवला तरी तो वैर समजला जातो.

आजची मराठी कथा अनुभवाने जितकी श्रीमंत आहे तितकी पूर्वी कधीच नव्हती, आणि सांगण्याच्या बाबतीत इतकी निष्काळजीही क्वचितच होती. यातला दुसरा भाग सुधारण्यासारखा आहे. लेखकांनी पहिला खर्डा झाला की सांगणाऱ्याला काय माहीत असणं शक्य नाही याची यादी करावी, आणि त्या यादीतलं जे जे कथेत शिरलं असेल ते काढून टाकावं. दिवाळी अंकांच्या संपादकांनी कथा सप्टेंबरऐवजी मे महिन्यात मागवावी, जूनमध्ये टिपणांसह परत पाठवावी आणि दुरुस्त होऊन आली नाही तर छापू नये. अंकात तीन कथा कमी आल्या, तरी वाचकाची त्याबद्दल काहीही तक्रार असणार नाही.