मार्थाची पेटी

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट वस्तुसंग्रहालयात मार्था एडलिन (१६६०–१७२५) हिचे बालपणीचे हस्तकाम जतन केलेले आहे. आठव्या वर्षी, १६६८ साली, तिने रंगीत रेशमाच्या टाक्यांची नमुनापट्टी पुरी केली. पुढच्या वर्षी पांढऱ्या कापडावर पांढऱ्या धाग्याची दुसरी, १६७१ साली भरतकामाने मढवलेली पेटी आणि १६७३ साली दागिने ठेवण्याची मणीकामाची डबी. एखाद्या लेखकाचे प्रारंभीचे लेखन कालक्रमाने वाचावे, तसा हा संच वाचता येतो.

मात्र हे वाचन वाटते तितके सोपे नाही. अशा पेट्यांवरील आकृत्या बहुधा व्यावसायिक आरेखक साटीनवर काढून देत. मुली त्या रेशमाने भरीत. मग कारागीर ते तुकडे लाकडावर चढवून पेटी सिद्ध करी. मार्थाच्या पेटीवर श्रद्धा, आशा, प्रीती आदी सात सद्गुण मूर्तरूपात आहेत आणि झाकणाच्या मध्यभागी संगीत. रेखाटन परक्याचे, विषय परंपरेचा. मग यात मार्थाचे काय?

रोझिका पार्कर यांनी 'द सब्व्हर्सिव्ह स्टिच' (१९८४) या ग्रंथात भरतकाम हे मुलींना स्त्रीत्वाचे वळण लावण्याचे साधन होते, असे प्रतिपादन केले. त्याच सुईने स्त्रियांना त्या बंधनाला उत्तर देण्याची वाटही दिली, हेही त्यांनी दाखवून दिले. पेटीपुरता पहिला मुद्दा पटतो. सद्गुण टाक्याटाक्याने मनात मुरवण्याचा हा पाठच होता. परंतु तेवढ्यावरच थांबणे म्हणजे अभ्यासक्रम वाचून विद्यार्थिनीला विसरणे होय.

यासाठी मणीकामाकडे वळावे. रेशमाच्या छटा एकमेकींत मिसळता येतात, लांब-आखूड टाक्यांनी वळण साधता येते. काचेचा मणी मात्र हट्टी. त्याचा रंग ठरलेला, आकार ठरलेला. त्याच्या अटी मान्य करूनच नक्षी उभी करावी लागते, जसे कवीला वृत्ताच्या बंधनात राहून बोलावे लागते. तेरा वर्षांच्या मुलीने ते साधले, तेव्हा आधीच्या पाच वर्षांची शिस्त ओझे न राहता तिचे सामर्थ्य झाली होती. रेशीम उजेडाने विटते. काचेचा रंग मात्र शतकांनंतरही टवटवीत राहतो, हे या माध्यमाचे भाग्य.

पुढे मार्था संसारात रमली, लेकीनातवंडांची झाली. तिचे काम मात्र तिच्या वंशातील स्त्रियांनी तीनशेहून अधिक वर्षे एकमेकींकडे सोपवत सांभाळले. या कामाची पहिली समीक्षा त्यांनीच केली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

अशा कामाकडे पाहून 'केवढी ही चिकाटी!' असे उद्गार आपण सहज काढतो. तो कष्टांचा गौरव झाला, कलेचा नव्हे. घरातल्या जुन्या ट्रंकेत आजीच्या हातचा भरलेला रुमाल वा मण्यांचे तोरण असेल, तर ते एकदा उजेडात धरावे. हाच रंग का निवडला, टाका इथेच का बदलला, असे विचारावे. त्या प्रश्नांपासूनच कलेचे वाचन सुरू होते.