शनिवारची साक्ष

पुण्यातल्या पेशव्यांच्या शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ची. दोन्ही दिवस शनिवार, म्हणून शनिवारवाडा. घरी बसून मी एकदा आजच्या कॅलेंडराने हे वार मोजत मागे गेलो, तर दोन्ही मंगळवार निघाले!

मोजणी चुकली नव्हती. आपल्या इतिहासात १७५२ च्या आधीच्या तारखा बहुतेक करून जुन्या, ज्युलियन पद्धतीने लिहितात. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० हीसुद्धा तशीच. अठराव्या शतकात ही पद्धत आजच्यापेक्षा ११ दिवस मागे होती. ते मिळवले की २१ जानेवारी १७३० आणि २ फेब्रुवारी १७३२ येतात, दोन्ही चोख शनिवार. चंद्राचे गणित मांडले तर पहिल्या दिवशी माघ शुद्ध तृतीयाही बरोबर जुळते. हा ताळा जमला तेव्हा मला अक्षरशः भरून आले. वाड्याच्या नावानेच तीनशे वर्षे वार सांभाळून ठेवला होता.

पण हा शनिवार राहत्या वाड्याचा आहे, त्याच्या दिल्ली दरवाजा या मुख्य प्रवेशद्वाराचा नाही. तट, बुरूज आणि दरवाजे ही भर मागाहून पडली. दरवाजासमोर उभे राहिले की हे डोळ्यांनाही पटते. अंबारीसकट हत्ती जाईल एवढी उंची, हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर ठोकलेले अणकुचीदार खिळे, उजव्या फळीत रोजच्या ये-जा करण्यापुरती दिंडी. आत शिरल्यावर वाट सरळ जातच नाही. उजवीकडे वळते, मग डावीकडे, म्हणजे धावत आलेल्या फौजेचा जोर तिथेच मोडावा. वास्तुशांत घराची होते. हे बांधकाम किल्ल्याचे आहे. म्हणून दिल्ली दरवाजाखाली उभे राहून १७३२ म्हणणे मला खटकते.

२७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेली आग सात दिवस धुमसत होती. लाकडी वाडा त्यात गेला. तट आणि दरवाजा उरले. नावातला शनिवार ज्याचा, तेच जळाले. आता मी दरवाजा ओलांडला की आधी आतल्या गवतातल्या जोत्यांकडे जातो. त्यांतही पुढच्या पेशव्यांची भर आहेच, तरी शनिवार शोधायचा तो तिथेच.