सुराछण आणि विशाखेच्या सख्या : कुम्भजातकाचे पुनर्वाचन

गेल्या वर्षावासात भाईंदर येथील एका विहारात रविवारी सायंकाळी जातकवाचनाचा क्रम चालू होता. पाचव्या शीलाच्या विवेचनासाठी आम्ही कुम्भजातक (जातकट्ठकथा, क्र. ५१२) निवडले होते. वाचन संपल्यावर मागील रांगेतील एका वयस्क उपासिकेने विचारले, "सर, ह्या गोष्टीत दारू प्यायलेल्या बाया आहेत. आमच्या चाळीत तर बाप्ये पितात. मग भगवंतांनी ही गोष्ट बायांना का सांगितली?" सभेत थोडे हसू उमटले. आम्ही अट्ठकथाकाराच्या काळची समाजस्थिती वगैरे सांगून वेळ मारून नेली. घरी येऊन मूळ पाठ पुन्हा उघडला तेव्हा ध्यानात आले की, प्रश्न आमच्या उत्तरापेक्षा पुष्कळच सरस होता. आणि त्याचे खरे उत्तर आम्ही घाईने ओलांडलेल्या चार-सहा वाक्यांत पडून होते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या सायंकाळच्या उत्तराची दुरुस्ती होय.

कुम्भजातकाचे आपल्याकडील वाचन बहुधा एकाच अंगाने होते. शक्र हातात घट घेऊन आकाशात उभा राहतो आणि त्या घटातील पेयाचे दुष्परिणाम एकामागून एक सांगतो. त्या गाथाच तेवढ्या प्रवचनांत येतात. त्यांच्यामुळे जातक हे दारूबंदीच्या भित्तिपत्रकासारखे वाटू लागते. वस्तुतः ह्या जातकाचे बळ गाथांपेक्षा गद्यात अधिक आहे, असे आमचे मत आहे.

अतीतवत्थूतील सुरेच्या जन्माची कथा पाहावी. काशी देशातील सुर नावाचा एक वनचर हिमालयात जातो. तेथे एका वृक्षाच्या खोडाला पुरुषभर उंचीवर तीन फांद्या फुटलेल्या असून त्यांच्या बेचक्यात घटाएवढी पोकळी आहे. पावसाने ती भरते. भोवतालचे हिरडे, आवळे, मिरवेली यांची फळे तीत पडतात. पोपट रानभात आणून तेथे बसून खातात, त्याचे दाणे व तांदूळ गळतात, उन्हाने सारे आंबते आणि पाणी तांबूस होते. तहानलेली पाखरे ते पितात, खाली कोसळतात, निजतात आणि जाग आली की उडून जातात. वनचर पाहतो की हे विष नव्हे. मग तोही पितो. पुढे तो वरुण नावाच्या तापसाला त्यात सहभागी करून घेतो. त्या दोघांच्या नावांवरून पेयाला 'सुरा' आणि 'वारुणी' अशी नावे पडली, असे अट्ठकथा सांगते.

ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरणार नाही, हे उघड आहे. परंतु तिचा रोख पाहण्यासारखा आहे. पुराणांत वारुणी समुद्रमंथनातून वर येते. वैदिक सौत्रामणी यागात सुरेची आहुती आहे. कुम्भजातक ह्या दैवी जन्मावर एक शब्दही न बोलता त्याच्या जागी पाऊस, फळे, तांदूळ आणि ऊन ठेवते. सुरा ही देवता नाही आणि राक्षसीही नाही; ती कारणांपासून झालेली एक वस्तू आहे. पटिच्चसमुप्पादाच्या परंपरेला शोभेल अशीच ही कथा आहे. आणि पहिल्या दोन प्राशकांत एक भोगी, दुसरा तापस! धर्माचे वस्त्र पांघरलेला मनुष्य ह्या व्यवहारात प्रारंभापासून भागीदार आहे, हे जातककाराने हसत हसत नोंदविले आहे.

पुढचा प्रवास अधिक बोलका आहे. सुरा अरण्यातून सीमेवरच्या नगरात जाते आणि तेथील राजाला ती आवडते. मग वाराणसी, मग साकेत, मग सावत्थी. प्रत्येक ठिकाणी ती आधी राजाकडे जाते व राजाश्रयाने प्रजेत पसरते. सावत्थीत सब्बमित्त राजाच्या आज्ञेने पाचशे घट भरले जातात आणि उंदरांपासून रक्षणासाठी प्रत्येक घटाजवळ एकेक मांजर बांधले जाते. घटांतून झिरपलेली सुरा चाटून मांजरे निश्चेष्ट पडतात. उंदीर येऊन त्यांचे कान, नाक, शेपट्या कुरतडतात. राजाला वाटते, मांजरे मेली, म्हणजे हे विष आहे. तो सुर आणि वरुण ह्या दोघांचा शिरच्छेद करवितो. थोड्या वेळाने मांजरे उठून हिंडू लागतात. हे विष नाही असे कळताच राजा काय करतो? दोघांच्या मृत्यूबद्दल त्याच्या तोंडून एक शब्दही निघत नाही. तो नगर शृंगारतो, मंडप घालतो आणि श्वेतच्छत्राखाली अमात्यांसह प्यायला बसतो.

जातककाराने येथे भाष्य केलेले नाही, ह्याचे आम्हांस पूर्वी वैषम्य वाटे. आता वाटते की भाष्याची गरज नव्हती. गाळणारे मेले आणि मंडप राजाचा झाला. ज्यांना मुंबई इलाख्याचा १८७८ चा अबकारी कायदा, ताडाच्या झाडांवरील कर आणि त्यापायी ह्याच उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरील भंडाऱ्यांची झालेली ओढाताण ठाऊक आहे, त्यांना ही कथा जुनी वाटणार नाही. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेत बसून महात्मा फुल्यांनी दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहिले, तेही पिणाऱ्याला दूषण देण्यासाठी नव्हे. दुकाने वाढू देणाऱ्या व्यवस्थेला जाब विचारण्यासाठी.

शक्राच्या उपदेशाने राजा शुद्धीवर येतो खरा. पण जातकाची अखेर प्रामाणिक आहे. राजा शीलवान झाला, तरी जंबुद्वीपात सुरापान हळूहळू पसरतच गेले, असे ती सांगते. बोधिसत्त्वाच्या उपदेशानंतरही जग सुधारले नाही, अशी कबुली जातकांत क्वचितच मिळेल.

आता त्या उपासिकेच्या प्रश्नाकडे वळू. पच्चुप्पन्नवत्थूत, म्हणजे जातक ज्या प्रसंगी सांगितले गेले त्या प्रसंगात, सावत्थीत सुराछण, म्हणजे सुरेचा उत्सव, पुकारला गेला आहे आणि विशाखेच्या पाचशे सख्या मद्य पिऊन विहारात येतात. जातकट्ठकथेत हे थोडक्यात आहे. धम्मपदट्ठकथेत जरावग्गाच्या पहिल्या गाथेच्या निमित्ताने हीच कथा विस्ताराने येते. तेथे मूळ क्रम असा आहे : उत्सव जाहीर होताच ह्या स्त्रिया आपापल्या पतींसाठी सात दिवसांची सुरा सिद्ध करतात. पती सात दिवस पितात. आठव्या दिवशी कामाची भेरी वाजते आणि ते कामावर जातात. मग स्त्रिया म्हणतात, नवऱ्यांच्या देखत आपल्याला प्यायला मिळाले नाही, उरलेली सुरा शिल्लक आहे, त्यांना कळू न देता पिऊ या. उद्यान पाहण्याच्या मिषाने त्या विशाखेला बरोबर नेतात आणि चोरून पितात. घरी आल्यावर पती त्यांना मारतात. पुन्हा उत्सव येतो तेव्हा त्या सुरा लपवून विशाखेबरोबर विहारात जातात, आणि तेथे तथागतांसमोर त्यांचा तोल जातो.

सात दिवस पतींनी प्यायलेल्या सुरेला कथेत उत्सव म्हटले आहे. उरलेली सुरा स्त्रियांनी एकदा प्यायली, तिला दुर्वर्तन म्हटले आहे. सुरा गाळण्याचे काम त्यांचे, उरलेले पिण्याचे धाडसही त्यांचे आणि मारही त्यांनाच. शतकानुशतके कुम्भजातक सांगणाऱ्यांनी (त्यांत आम्हीही आलो) ह्या सात दिवसांवरून डोळे फिरविले. पण ग्रंथाने ते लपविलेले नाहीत. अट्ठकथाकार स्त्रियांना हसतो, हे खरे. तरी त्यानेच पुरावाही जपून ठेवला आहे. शिवाय कथेचा शेवट पाहावा. तथागतांच्या गाथेनंतर ह्या पाचशे स्त्रिया सोतापत्तिफळात प्रतिष्ठित होतात. आठव्या दिवशी भेरी ऐकून निमूट कामावर गेलेल्या त्यांच्या पतींविषयी असे काही ग्रंथात म्हटलेले नाही.

उत्सवातील उणे स्त्रियांच्या पदरात टाकण्याची ही खोड केवळ अट्ठकथेची नाही. भाईंदरहून वसईची खाडी ओलांडली की पलीकडे सोपारा आहे. तेथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे नवव्याचा. (धम्मदीक्षेचेच वर्ष, योगायोग म्हणून सोडून द्यावा, पण लिहिताना हात थबकतो खरा.) आठव्या लेखाचा विषय असा, की पूर्वीचे राजे मृगयेसारख्या करमणुकीसाठी विहारयात्रा करीत, अशोकाने संबोधीला जाऊन धम्मयात्रा सुरू केली. नववा लेख आजारपण, विवाह, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक करीत असलेल्या मंगलविधींचा आहे. त्यातही क्षुद्र व निरर्थक मंगले स्त्रिया करतात, असे सम्राटाने नोंदविले आहे. सोपाऱ्याने जपलेले दोन्ही लेख उत्सवाविषयी आहेत, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. दोहोंतही उत्सव बंद केल्याची भाषा नाही. यात्रा राहिली, तिचे प्रयोजन पालटले. मंगल राहिले, त्याचा आशय पालटला.

हा विवेक विनयातही आढळतो. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाईन म्हणजे दारू नव्हे, असा युक्तिवाद पुष्कळ ऐकू आला. पालीच्या विद्यार्थ्याला ह्यात नवे काही नव्हते. विनयपिटकाच्या विभंगात सुरा आणि मेरय अशी फोड आहे. पिष्ट, भात इत्यादींपासून होते ती सुरा. फुले, फळे, मध, गूळ यांच्या आसवांना मेरय म्हटले आहे. फलासवाचे उदाहरण देताना अट्ठकथा मुद्दिका, म्हणजे द्राक्षच पुढे करते. म्हणजे वाईन सुरा नव्हे हे मान्य. ती मेरय आहे, आणि शीलात दोहोंचीही नावे आहेत. पण तेवढ्यावर थांबणे अर्धवट ठरेल. महावग्गात भिक्खूंना जी आठ पाने अनुज्ञात आहेत त्यांत आंबा, जांभूळ, केळे यांच्याबरोबर मुद्दिकापान, म्हणजे द्राक्षाचा रसही आहे. तेच फळ, तोच रस. एक पान म्हणून आतिथ्यात आले, दुसरे आसव म्हणून वर्ज्य झाले. द्राक्षावर राग नाही, पाहुणचारावर तर नाहीच नाही. 'पमादट्ठान' ह्या पदाचा अर्थ सांगताना अट्ठकथा म्हणते की, ज्या चेतनेने मनुष्य पितो ती चेतनाच पमादट्ठान होय. दोष मडक्यात शोधलेला नाही.

मीरा-भाईंदरमध्ये हे समजून घेणे विशेष अगत्याचे आहे, कारण आमचे शेजारी वेगळ्या परंपरेचे आहेत. उत्तन, डोंगरी, चौक ह्या पट्ट्यातील ख्रिस्ती कोळी आणि ईस्ट इंडियन कुटुंबांत नाताळला, लग्नाला द्राक्षरस मुरवून पाहुण्यापुढे ठेवणे हा मान आहे. आणि चर्चमधील मिस्सेत द्राक्षारस हे त्यांच्या ख्रिस्ताच्या रक्ताचे स्मरण आहे. त्या घोटाचा अर्थ त्यांच्या श्रद्धेतून लावावा लागतो. आमचे काही तरुण पाचव्या शीलाच्या आधारे ह्या शेजाऱ्यांना नावे ठेवतात, तेव्हा आम्हांस संकोच वाटतो. कारण त्याच तरुणांपैकी काही जण १४ एप्रिलच्या मिरवणुकीत कोणत्या अवस्थेत असतात, हे विहारातील उपासिकांना ठाऊक आहे. ३१ डिसेंबरची रात्र तर विचारूच नये. दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावच्या स्तंभाला वंदन करावयाचे असते, जेथे १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः गेले होते.

येथे एक अवघड गोष्ट टाळून चालणार नाही. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात दारूबंदी रद्द करावी, अशी भूमिका आहे. सरकारला विकासासाठी लागणारा पैसा त्या धोरणापायी बुडतो, असे त्यामागील कारण होते. पाच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला, त्याच बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत सतरावी मद्य न पिण्याची आहे. विरोधक ह्याला विसंगती म्हणतात आणि आपले वक्ते बहुधा जाहीरनाम्याचा उल्लेखच गाळतात. आमच्या मते दोन्ही चुकतात. कायदा मडके फोडू शकतो. चेतनेला हात लावू शकत नाही. 'वेरमणी' म्हणजे स्वतः होऊन दूर राहणे. ते पोलिसाच्या भीतीने घडले तर शील होत नाही, आणि म्हणूनच बाबासाहेबांनी ते शासनाकडे न मागता समोर उभ्या असलेल्या लाखो स्त्री-पुरुषांकडून, प्रत्येकाच्या तोंडून, 'मी' ह्या कर्त्यासह वदवून घेतले. त्या मैदानावर स्त्रियाही उभ्या होत्या. त्यांची प्रतिज्ञा वेगळी नव्हती.

यंदाच्या वर्षावासात तेच वाचन पुन्हा घ्यावयाचे ठरले आहे. प्रारंभ शक्राच्या गाथांनी न करता सात दिवसांच्या त्या सुरेपासून करावा, असे आम्ही विहार समितीला कळविले आहे. एवढेच नव्हे, तर ते वाचन रविवारऐवजी जयंती मंडळाच्या बैठकीच्या दिवशी, त्याच सभागृहात, बैठकीपूर्वी व्हावे, अशीही विनंती केली आहे. समितीतील एका ज्येष्ठ उपासकांनी विचारले, त्या दिवशी तर सगळी पुरुष मंडळीच असतात, मग ऐकणार कोण? आम्ही म्हटले, तीच. मागील रांगेतील त्या उपासिकेलाही आम्ही निरोप धाडला आहे. त्यांनी त्या दिवशी पुढे बसावे.