६४१ कोटी कुठून आले?

गांजा कायदेशीर करून त्यावर कर लावावा, असं सांगणारा भारतातला कोणताही लेख उघडा. एक आकडा हमखास भेटतो: एकट्या मुंबईतून वर्षाला ६४१ कोटी रुपये मिळतील, दिल्लीतून ७२५ कोटी. माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्याच पानावर हा ६४१ होता. वर्तमानपत्राचा संदर्भही दिला होता, तारखेसकट. गाइडनी पेन्सिलीने त्याभोवती गोल केला आणि विचारलं, "हे मोजलं कोणी?" संख्याशास्त्रात एमएस्सी केलेल्या माणसाला सांगता येईना. तुमच्यापैकी काहीजण आत्ता त्याच टप्प्यावर असतील, म्हणून त्या गोलाचं उत्तर इथे लिहितोय.

आकड्याचं मूळ आहे २०१८ चा एक निर्देशांक. जर्मनीतल्या एबीसीडी नावाच्या संस्थेने जगातल्या १२० शहरांची यादी केली: गांजाचा भाव किती, वर्षाला खप किती, आणि कर लावला तर किती मिळेल. मुंबईचा भाव ग्रॅमला ४.५७ डॉलर, खप ३२.३८ टन. या दोघांचा गुणाकार करा, त्यावर सिगारेटसारखा सुमारे ६० टक्के कर लावा, तेव्हाच्या डॉलरच्या भावाने रुपये करा. आले ६४१ कोटी.

आता ३२.३८ टन कुठून आले? गांजा काही वखारीत तोलून विकला जात नाही. मी उलटा हिशेब करून पाहिला. २०११ च्या जनगणनेतली मुंबई महानगराची लोकसंख्या १ कोटी ८४ लाख. संयुक्त राष्ट्रांच्या तक्त्यांत भारतासाठी दिसणारं वापराचं प्रमाण ३.२ टक्के. म्हणजे ५ लाख ८८ हजार ८०० माणसं. प्रत्येकाला वर्षाला ५५ ग्रॅम द्या. उत्तर: ३२.३८ टन, दशांशासकट. न्यूयॉर्कच्या ७७.४४ टनांनाही हाच ५५ ग्रॅमचा माप जवळपास बसतो. माझा अंदाज बरोबर असेल, तर मुंबईत कोणी काहीच मोजलेलं नाही. देशाची सरासरी शहराला चिकटवली, आणि न्यूयॉर्कचा नि मुंबईचा माणूस वर्षाला सारखाच ओढतो असं धरलं.

बरं, ते ३.२ टक्के तरी कशाचे? आपल्याकडे भांग, गांजा, चरस एकाच झाडाचे, पण कायद्यात वेगळे. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात शेंडे-फुलं म्हणजे गांजा. शेंड्यांशिवायची पानं त्या व्याख्येत येतच नाहीत. म्हणून मध्य प्रदेशात परवान्याची भांगेची दुकानं उघड चालतात. २०१९ मध्ये आलेल्या केंद्र सरकार-एम्सच्या सर्वेक्षणात वर्षभरात या झाडाचं काहीही घेणारे २.८ टक्के निघाले; त्यात भांग घेणारे २ टक्के, गांजा-चरसवाले १.२ टक्के (काही दोन्हीकडचे). ३.२ च्या जागी फक्त १.२ ठेवा, ६४१ चे २४० कोटी होतात. एकच दुरुस्ती! निर्देशांक या सर्वेक्षणाच्या आधीचा, त्यामुळे करणाऱ्यांना फार बोलता येत नाही. पण २०२० नंतरही जे ६४१ छापतात, त्यांना बोललंच पाहिजे. मीही त्यातलाच.

याहून मोठी चूक मात्र गुणाकारातच आहे. ४.५७ डॉलर हा बेकायदा मालाचा भाव. त्यात झाडाची किंमत थोडी आणि पकडले जाण्याची जोखीम जास्त. कायदेशीर केलं की जोखीम जाते, भाव उतरतो आणि ज्यावर कर बसायचा तो पायाच आकसतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०१४ पासून दुकानं सुरू झाली. २०२१ मध्ये या करातून सुमारे ४२ कोटी डॉलर आले, २०२३ मध्ये सुमारे २७ कोटी. कॅलिफोर्नियाला तर चोरट्या मालाशी स्पर्धा झेपेना, म्हणून जुलै २०२२ पासून लागवडीवरचा कर काढून टाकावा लागला. कर चढवला तर गिऱ्हाईक जुन्याच माणसाकडे जातं, उतरवला तर तिजोरीत येत नाही. ६४१ च्या हिशेबात ही ओढाताण कुठेच नाही.

मी मूळचा बपेऱ्याचा, तुमसर तालुका. मध्य प्रदेशची हद्द हाकेच्या अंतरावर. घटनेच्या राज्यसूचीतल्या ५१ व्या नोंदीप्रमाणे गांजावरचं उत्पादन शुल्क राज्याचं. म्हणजे पुलाच्या अलीकडे एक दर, पलीकडे दुसरा, असं होऊ शकतं. मग माल कुठून कुठे जाईल, हे आमच्याकडच्या पोरालाही कळतं.

गंमत म्हणजे हा विचार आमच्याच मुलखात एकदा होऊन गेलाय. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता, गांजा परवान्याने विकला जाई, आणि परवानगीची लागवड निमाडात, खंडव्याकडे. १८९३-९४ च्या भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगाने १,१९३ साक्षी घेतल्या. संपूर्ण बंदी नको. परवाना, मर्यादित दुकानं आणि कर हवा, आणि कर इतकाच चढवावा की चोरटा धंदा फोफावू नये, असं सांगितलं. पण तुम्ही वाचायचा तो वेड्यांच्या इस्पितळांचा भाग. १८९२ मध्ये भरती झालेल्यांपैकी २२२ जणांच्या वेडाचं कारण म्हणून या झाडाची नोंद होती. आयोगाने एकेक प्रकरण पुन्हा तपासलं, ९८ उरले. कारण ठाऊक नसलं की रकान्यात 'गांजा' लिहून मोकळं होण्याची सवय होती. आकडा हाती आल्यावर थेट रजिस्टरपर्यंत जाणं, ते हे!

आयोग धुतल्या तांदळासारखा होता असं नाही. कराचा पैसा ज्या सरकारकडे जायचा, त्यानेच आयोग नेमला होता. दोन भारतीय सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. त्या न वाचता अहवाल उद्धृत करू नका.

गावी गेलो की एक काका विचारतात, "सरकारनं परवानगी देल्ली त धानापेक्षा परवडन का गा?" २०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दोन एकरांत गांजा लावायची परवानगी सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली होती, शेतमालाला भाव नाही म्हणून. काकांचा प्रश्न तोच. मी सांगतो, आज पेपरात दिसतो तो भाव तेव्हा राहणार नाही, आणि परवाना कोणाला मिळेल ते आधी विचारा. ब्रिटिशांच्या वेळी खंडव्याने पिकवला, भंडाऱ्याने विकत घेतला.

काकांना हे पटत नाही. ६४१ कोटी त्यांनीही वाचलेत.

नव्या मसुद्यात मी तो आकडा काढून तीन ओळींचा तक्ता टाकला: वापरणारे, माणशी ग्रॅम, कायदेशीर झाल्यावरचा भाव. पहिल्या ओळीत १.२ टक्के आहे. बाकी दोन रकाने सध्या कोरे आहेत, आणि गाइडनी यावेळी त्यांच्याभोवती गोल केलाय.